खाऱ्या पाण्याचे सर

आमच्या सरांचे नाव मी येथे लिहिणार नाही. पदव्युत्तर परीक्षा पास झालेल्या आम्हा सगळ्यांना कॉलेजच्या वार्षिकासाठी आपापल्या मार्गदर्शकांविषयी चार पाने लिहायला सांगितले आहे. बाकीचे नावागावानिशी लिहितील. मी मात्र परवानगी मागायला पत्र घातले, तेव्हा सरांचे कार्ड आले : "लिहा. नाव घालू नका. बाटलीवर नंबर पुरतो." मजकूर एवढाच. निवृत्त होऊन ते आता कोकणातल्या आपल्या गावी राहतात. कार्डाच्या उरलेल्या जागेत त्यांनी त्या गावच्या तीन विहिरींच्या पाण्याची चव लिहून पाठवली होती.

मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरात माझ्याआधी चौथीपुढे कोणी गेले नाही. त्यामुळे मोठ्या माणसाविषयी कसे लिहायचे असते हे मला नीट ठाऊक नाही. जे पाहिले तेवढे सांगतो.

सरांना मी पहिल्यांदा पाहिले ते नांदुरा स्टेशनवर. तेव्हा ते सर आहेत हे मला माहीत नव्हते. उन्हाळ्याच्या सुटीनंतर मी नागपूरला परत निघालो होतो. गाडी थांबली तसा एक काळा कोट घातलेला, काटकुळा गृहस्थ डब्यातून उतरला, फलाटावरच्या नळाखाली ओंजळ धरली, पाणी तोंडात घेतले आणि डोळे मिटून उभा राहिला. गाडीने शिट्टी दिली. डब्यातले लोक ओरडू लागले, "ओ साहेब! गाडी सुटून राह्यली ना!" साहेबांनी शांतपणे चूळ टाकली, खिशातून वही काढली, काहीतरी लिहिले, आणि मग छत्री सांभाळत असे धावले की दोघांनी हात धरून त्यांना वर ओढून घेतले.

ते माझ्यासमोरच येऊन बसले. धाप लागलेली असतानाच त्यांनी विचारले, "तुम्ही कुठले?"

मी गावाचे नाव सांगितले.

"पूर्णेच्या अलीकडे की पलीकडे?"

"अलीकडे."

"मग तुमच्याकडे डाळ शिजत नसेल."

माझी चोरी पकडल्यासारखे झाले मला. आमचा सगळा भाग खाऱ्या पाण्याचा. विहिरीच्या पाण्यात डाळ खरोखरच शिजत नाही, चहा फाटतो, धुतलेले धोतर ताठ वाळते. आम्ही पिण्याचे पाणी दोन कोसांवरून, पूर्णेच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यातून बैलगाडीने आणतो. तेही जपून वापरायचे. घरची माणसे बहुतेक विहिरीचेच पितात, गोडे पाणी पाहुण्यांसाठी आणि आजाऱ्यांसाठी. नागपूरला वसतिगृहात आलो त्या दिवशी मी एका दमात पाच पेले पाणी प्यायलो होतो, तेव्हा खोलीतल्या पोराने विचारले होते, "काऊन बे, घरी पाणी देत नाहीत काय तुले?" तेव्हापासून गावच्या पाण्याचा विषय मी कोणाजवळ काढत नसे.

एम.एस्सी.च्या पहिल्या तासाला तोच काळा कोट वर्गात शिरला. मी मान खाली घातली. त्यांनी हजेरी घेताना माझ्या नावाशी थांबून म्हटले, "हे आपले खाऱ्या पाण्याचे गृहस्थ." पुढे दोन वर्षे वर्गात मला कोणी नावाने हाक मारली नाही. पण सरांच्या पाठीमागे पोरे त्यांनाही 'खाऱ्या पाण्याचे सर' म्हणत, म्हणून मला फारसे वाईट वाटले नाही.

सरांच्या प्रयोगशाळेत रबर बाळगायला बंदी होती. कोणाकडे खोडरबर सापडले तर ते काढून घेऊन एका काड्यापेटीत ठेवीत. आकडा चुकला तर त्यावर एकच बारीक रेघ मारायची, पुढे खरा आकडा लिहायचा. "खोडा," ते म्हणत, "पण वाचता येईल असं खोडा. चूकसुद्धा कधीतरी कामाला येते." सगळ्यांना ते 'तुम्ही' म्हणत, पहिल्या वर्षाच्या पोराला, प्रयोगशाळेच्या हमालाला आणि दारात झोपणाऱ्या कुत्र्यालासुद्धा. "तुम्ही जरा बाजूला व्हा," असे त्या कुत्र्याला म्हणताना मी त्यांना ऐकले आहे, आणि कुत्रे बाजूला होई.

जीभ खराब होते म्हणून ते पान, तंबाखू, सुपारी आणि साखर यांना शिवत नसत. त्यांच्या घरी सात माठ होते, सातांवर खडूने नंबर. पाहुणा आला की त्याच्यापुढे दोन पेले ठेवीत आणि विचारीत, "यातलं गोड कोणतं?" तो उत्तर देईपर्यंत चहा येत नसे. आम्ही ब्युरेटमधून थेंब थेंब सिल्व्हर नायट्रेट सोडून पाण्यातला क्षार मोजायचो. पिवळे पाणी विटकरी झाले की आकडा घेऊन सरांकडे जायचे. ते आकड्याकडे बघतच नसत. आधी विचारीत, "आणि जीभ काय म्हणते?" जीभ आणि आकडा यांचे जुळले तर म्हणायचे, "बरं. पुढचं." याच्याहून मोठी शाबासकी त्यांच्याजवळ नव्हती.

रागावलेले मात्र मी त्यांना पाहिले नाही. आमच्या आधीच्या एकाने कोणाचे तरी आकडे उतरवून घेतले होते, असे सांगत. सर त्याला एक शब्द बोलले नाहीत. त्याचे काचेचे भांडे त्यांनी स्वतः धुतले, पुसले आणि फळीवर पालथे घालून ठेवले. त्या विद्यार्थ्याने दुसऱ्या दिवसापासून येणे बंद केले. 'सरांनी भांडं धुतलं' हे आमच्याकडे फाशीच्या शिक्षेसारखे बोलले जाई.

प्रबंधाचा विषय मी काहीतरी पुस्तकी सुचवला होता. सरांनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले, "तुमच्या घरी डाळ शिजायला किती वेळ लागतो?" मला सांगता येईना. "मग आधी ते विचारून या."

सुटीत गावी गेल्यावर मायला विचारले. ती चुलीशी होती. म्हणाली, "पान्यावर आहे ना बाप्पा ते. झिऱ्याचं असलं त एक भाकर होईलोक. देवळाजवळच्या विहिरीचं असलं त पाच भाकरी. अन् वावराच्या धुऱ्यावरच्या विहिरीचं असलं त दिवस गेला न् डाळ तशीच. पन तू काऊन इचारून राह्यला? तिथं सयपाक शिकोतेत काय तुले?"

मी हसून टाळले. सरांना मात्र शब्दशः सांगितले. ते खुर्चीतून उठलेच. "अहो, पाच भाकरी! हा तर प्रबंध झाला. आता फक्त मोजायचं उरलं." अशा रीतीने आमच्या भागातल्या नऊ गावांच्या विहिरींचे पाणी हा माझा विषय ठरला. ज्या गोष्टीची मला लाज वाटत होती तीच गोष्ट दीड वर्ष दोरीला बाटली बांधून मी गावोगाव उपसत फिरलो. सिल्व्हर नायट्रेटने माझी बोटे काळी पडली. मायला वाटे शाई आहे. तिने दोनदा राखेने घासून पाहिले.

बाबांनी मला एकच वर्ष आणखी दिले होते. "यंदा होत असन त कर," ते म्हणाले होते, "नाही त पुढच्या पेरणीले घरी ये." त्यात रागाचे काही नव्हते. शेतात एक माणूस कमी पडत होता आणि ते मलाही दिसत होते. दिवाळीआधी प्रबंध द्यायचा होता.

आठ गावे झाली. शेवटचे आमचे गाव ठेवले होते. भर वैशाखात, पाणी सर्वांत खारे असते तेव्हा, मी पाच विहिरींच्या पाच बाटल्या भरल्या, चिठ्ठ्या लावल्या आणि घराच्या कोपऱ्यात ठेवल्या. बुचावर लाख लावून बाटली बंद करायची असा सरांचा नियम. लाख संपली होती. म्हटले, नांदुऱ्याला घेऊ. दोन दिवस मामाकडे जाऊन आलो, बाटल्या उचलल्या आणि गाडी धरली.

नागपूरला तपासायला घेतल्या तेव्हा आषाढ लागला होता. पहिली बाटली : आकडा गोड्या पाण्याचा. दुसरी : गोडी. पाचही गोड्या, आणि पाचांचा आकडा जवळजवळ एकच. मी पुन्हा केले. तिसऱ्यांदा केले. सिल्व्हर नायट्रेट बिघडले असेल म्हणून दुसऱ्या बाटलीतले घेतले. आकडा हलेना. गावाकडे पाऊस पडून गेला होता. वैशाखातले पाणी पुन्हा मिळायचे म्हणजे पुढचा वैशाख, आणि पुढचा वैशाख माझ्याजवळ नव्हता.

मी काय केले ते लिहायला मला जड जाते, पण सरांविषयी लिहायचे तर ते गाळता येत नाही. शेजारच्या गावाचे आकडे माझ्यासमोर होते. आमचे पाणी त्यांच्यापेक्षा थोडे खारे, हे मला लहानपणापासून माहीत होते. मी थोडे थोडे वाढवून पाच आकडे वहीत लिहिले. मनाला सांगितले, हे खोटे नाही, हे असेच आहे.

दुपारी सर माझ्या टेबलाशी आले. "झालं तुमचं गाव? जीभ काय म्हणते?"

"खारट, सर," मी म्हणालो. मी जिभेला लावलेच नव्हते.

सरांनी एका बाटलीचे बूच काढले. चूळ भरली, टाकली. दुसरी घेतली. तिसरी घेऊन डोळे मिटले. मला स्टेशनवरचा तो नळ आठवला.

"वाळा," ते म्हणाले.

मला काही कळेना.

"या पाण्यात वाळा घातलेला आहे. माठात घालतात तो. पाचही बाटल्या एकाच माठातल्या आहेत." त्यांनी माझी वही पाहिली. बराच वेळ पाहिली. मग माझ्यापुढचे भांडे उचलले आणि मोरीवर जाऊन ते धुवू लागले.

मी त्यांच्यामागे गेलो आणि सगळे सांगितले. आकडे कुठून आले, बाबांनी किती मुदत दिली, सगळे. बोलता बोलता मी बोली कधी धरली तेही कळले नाही. सर पाठमोरेच होते. भांडे धुऊन झाले, पुसून झाले. ते फळीकडे वळले नाहीत. त्यांनी ते माझ्या हातात दिले.

"धुतलेल्या भांड्यात पुन्हा करता येतं," ते म्हणाले. "त्या पाच आकड्यांवर रेघ मारा. वाचता येईल अशी. आणि तिकिटं काढा. नांदुरा ना?"

सर आमच्या घरी आले तेव्हा मायची धांदल उडाली. तिने ओट्यावर घोंगडी टाकली आणि घासलेल्या पितळी पेल्यात पाणी आणले. सरांनी एक घोट घेतला आणि माझ्याकडे पाहून मान हलवली. तोच वाळा.

"बाई, बाटल्यांतलं पाणी तुम्ही बदललंत का?"

माय घाबरली नाही. उलट तिला बरे वाटले, कोणाच्या तरी लक्षात आले म्हणून. "हाव साहेब, मीच वतलं. पाहतो त काय, हे पोरगं तुमच्यासाठी खारं पानी भरून नेऊन राह्यलं! मले त लाजच वाटली. म्हटलं, एवढ्या मोठ्या मानसाले आमच्या घरून खारं पानी जावं काय? ते ढोराले वतलं न् माठातलं भरलं. बाटल्याबी घासल्या राखेनं."

मी कपाळाला हात लावला. सरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बाई, यात तुमची चूक नाही. आमची आहे. हे पाणी कशाला नेतो ते तुम्हाला कोणी सांगितलंच नाही." मग माझ्याकडे वळले. "सांगा. सगळा प्रबंध सांगा आईंना. त्यांना कळला तर परीक्षकांना कळेल."

दीड वर्ष मी हे काम करत होतो आणि घरात एका शब्दाने बोललो नव्हतो. त्यांना काय समजणार, असे मला वाटे. त्या ओट्यावर बसून मी मायला सांगू लागलो. क्षार म्हणजे काय, तो जमिनीतून कसा येतो, बोटे कशाने काळी झाली. आधी पुस्तकी बोलत होतो, मग जमेना, मग आमच्या बोलीत सांगितले. माय ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हंजे तुले वैशाखातलं पानी पाहिजे. मंग ते त खाली आहेच ना."

"खाली?" सरांनी विचारले.

"विहिरीत साहेब. पाऊस पडला का गोडं पानी वर ऱ्हायते, खारं खाली. बादली हळूच टेकवली त गोडं येते, बुडवली त खारं. आमी सुनासुनाले तेच सांगतो, बुचकळू नोको."

सर उभे राहिले. त्यांनी मायचाच शेंदायचा दोर मागितला. बाटलीला दगड बांधला, बुचाला वेगळी दोरी लावली, म्हणजे तळाशी गेल्यावर बूच ओढता येईल. देवळाजवळच्या विहिरीतून एक बाटली वरची काढली, एक तळची. मला म्हणाले, "जीभ." मी वरची चाखली, तळची चाखली, मग सरांनीही. तळाशी वैशाख होता.

पाच विहिरी झाल्या तेव्हा सर माझा विहिरींचा नकाशा उघडून उभे राहिले आणि छत्रीने गावाच्या खालच्या अंगाला दाखवले. "तिकडे वस्ती दिसते. ती माणसं पाणी पीत नाहीत का?"

तो महारवाडा होता. तिथे सहावी विहीर होती हे मला माहीत होते. मी ती नकाशात घातलीच नव्हती. ती घालायची असते हे मनातही आले नव्हते. सर चालू लागले, मी मागून गेलो. विहिरीशी एक म्हातारे बाबा होते. सरांनी बाटली सोडली, ओंजळीत पाणी घेतले, तसे ते म्हणाले, "साहेब, तुमी पेसान हे?"

"तुम्ही पिता ना?" सर म्हणाले आणि प्यायले. मग माझ्याकडे पाहिले. मी ओंजळ धरली. त्या विहिरीचे पाणी वरपासून तळापर्यंत सारखेच खारे होते. सगळ्या नऊ गावांत इतके खारे दुसरे नव्हते.

बातमी आमच्याआधी घरी पोचली होती. मायने जेवायला वाढले, सरांना पाणी लोट्यात दिले, पण ती फारशी बोलली नाही. सर गेल्यावर तो लोटा बाहेरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला मला दिसला. मी त्याविषयी विचारले नाही. विचारायला हवे होते.

प्रबंध दिवाळीआधी गेला. आमच्या गावाच्या सहा विहिरी, प्रत्येकीच्या दोन बाटल्या, आणि वहीत रेघ मारलेले पाच आकडे तसेच. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, "वरचं आणि तळचं पाणी वेगळं घ्यावं, हे तुम्ही कुठे वाचलंत?" सर खिडकीबाहेर बघत होते. मी म्हणालो, "वाचलं नाही. माझ्या मायने सांगितलं." खिडकीकडून आवाज आला, "बरं. पुढचं."

प्रबंधाच्या सुरुवातीला मी सरांविषयी कृतज्ञतेच्या तीन ओळी लिहिल्या होत्या. टंकलेखनाला देण्याआधी त्यांनी त्या खोडल्या आणि मायचा उल्लेख तेवढा ठेवला. पण ते हस्तलिखित माझ्याजवळ आहे. त्या तीन ओळींवर एकच बारीक रेघ आहे. वाचता येतात.

निकाल लागल्यावर गावाने शाळेच्या अंगणात सत्कार ठेवला. गावातला पहिला एम.एस्सी. म्हणून माझा आणि माझे गुरू म्हणून सरांचा. सर त्यानंतर महिन्याभरात निवृत्त व्हायचे होते, तरी आले. शाल झाली, नारळ झाला. खालच्या वस्तीतले ते म्हातारे बाबा कुंपणाशी उभे होते. सरांनी भाषणात पहिल्यांदा सहा विहिरींचे आभार मानले, एकेकीचे, ओळीने. सहावीचे नाव घेतले तेव्हा काही माणसांनी मान वळवली. सर थांबले नाहीत. त्यांनी कुंपणाकडे पाहून नमस्कार केला.

भाषण संपल्यावर कोणीतरी चांदीच्या पेल्यात झिऱ्याचे पाणी घेऊन पुढे आले. तेवढ्यात बायकांमधून माय उठली. चारचौघांत ती कधी उठून बोललेली मी पाहिली नव्हती.

"ते नोका देऊ त्याइले," ती म्हणाली. "त्याइले घरचं पानी लागते."

तिच्या हातात लोटा होता. मी ओळखला. कोनाड्यातला नव्हता. बाबा रोज शेतातून आल्यावर ज्यातून पितात, तो होता. देवळाजवळच्या विहिरीच्या पाण्याने काठोकाठ भरलेला.

सरांनी टोपी काढली, लोटा दोन्ही हातांनी घेतला, एक घोट घेऊन डोळे मिटले. सगळे अंगण बघत होते.

"आषाढापेक्षा बरंच चढलंय," ते म्हणाले.

"हाव," माय म्हणाली, "वैशाख ना हा." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "पाहून काय राह्यला बे? लिवून घे."

मी शाल बाजूला ठेवली आणि वही काढली.